परिचर्या-नीती
परिचर्या-नीती : रुग्णाची शुश्रूषा करताना परिचारिकेने पाळावयाची नैतिक व व्यावसायिक तत्त्वे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये यांविषयीची आचारसंहिता स्वीकारली. रुग्णाची प्रतिष्ठा व गुप्तता राखणे आणि उपचारास त्याची जाणती संमती असल्याची खात्री करून घेणे, ही यांतील प्रमुख कर्तव्ये होत. न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी पुढे ‘सांस्कृतिक सुरक्षितते’ची कल्पना मांडली. तीनुसार सेवा सुरक्षित होती की नाही, हे ती घेणाऱ्याने ठरवावयाचे असते.

या तत्त्वांची कसोटी बीड जिल्ह्यात लागली. तेथील ऊसतोड मजूर जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांकडे स्थलांतर करतात. कामात खाडा पडल्यास दंड होतो. पाळीच्या वा श्वेतप्रदरासारख्या तक्रारींवरही स्त्रियांची ‘पिशवी’ (गर्भाशय) काढली जाते, अशा तक्रारींवरून शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली.

कागदावर उमटविलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. औषधोपचाराचा पर्याय व शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम रुग्णेस तिच्या बोलीत, एकांतात समजले आहेत की नाही हे पाहणे आणि शंका राहिल्यास ती शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांच्या निदर्शनास आणणे, हे परिचारिकेचे कर्तव्य ठरते.