हलकी आहे, फुलकी नाही!

वजन कमी केलं की गाडी पळते झकास, वळते झकास आणि थांबतेही झकास. मग नेमकं मोडतं काय आणि का? स्पोर्ट्स कारचा फोटो डेस्कटॉपवर लावणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी ही गोष्ट...

बॉसला खरं सांगायचं तर हिंमत लागते. अप्रेझल तोंडावर असेल तर विचारूच नका! मे १९६९ मध्ये योखेन रिंट नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाने ती हिंमत केली. रिंट फॉर्म्युला वनमध्ये लोटस टीमची गाडी चालवायचा. बॉस होता लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन. आणि मुद्दा पगारवाढीचा नव्हता, जीव वाचवण्याचा होता.

झालं असं, की ४ मे रोजी बार्सिलोनाच्या मोंजुइक सर्किटवर स्पॅनिश ग्रां प्री होती. लोटसच्या दोन्ही गाड्यांवर मागे उंच विंग लावलेले होते. आधी ग्रॅहम हिलच्या गाडीचा विंग कोसळला आणि गाडी बॅरिअरवर आदळली. काही फेऱ्यांनंतर शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असलेल्या रिंटचं तेच झालं, तेही जवळपास त्याच जागी. हिल बचावला, रिंट जखमी झाला. त्यानंतर त्याने चॅपमनला पत्र लिहिलं. आशय असा, की तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत, की नाजूक भाग मजबूत करताना थोडं वजन वाढलं तरी आपण मागे पडणार नाही. ज्या गाडीवर माझा भरवसा आहे तीच मी चालवू शकतो, आणि तो भरवसा आता संपत आलाय.

पुढे काय झालं ते सांगूच. पण आधी बॉसची बाजूही ऐकून घेऊ. कारण त्याच्या म्हणण्यात दम होता.

वजन नावाचा व्हिलन

चॅपमन शिकलेला इंजिनीअर होता. 'आधी साधं करा, मग हलकेपणा मिसळा' हे सूत्र त्याच्याच नावावर सांगितलं जातं. इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळते, बस्स. वजन कमी केलं तर मात्र ती पळते, वळते आणि ब्रेक मारल्यावर पटकन थांबतेसुद्धा. ८.१७ची लोकल पकडायला खांद्यावर लॅपटॉपची बॅग घेऊन धावून बघा आणि एकदा बॅगेशिवाय. फरक लगेच कळेल.

त्यातही चाक, ब्रेक, हब यांचं वजन फार छळतं. हे सगळं स्प्रिंगच्या खाली असतं, प्रत्येक उंचवट्यावर वर-खाली नाचतं. ते जड असेल तर टायर रस्त्याला चिकटून राहत नाही. पायात गमबूट घालून कुणी वेगाने धावतं का? तसंच हे.

या विचारातून काय उभं राहू शकतं याचा नमुना म्हणजे १९९६ ची लोटस एलीस. वजन साधारण ७२५ किलो. आपली मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची, यावरून अंदाज करा! एलीसची चेसिस फक्त ६८ किलोची, ॲल्युमिनियमचे भाग चक्क ग्लूने चिकटवून बनवलेली. २०२१ पर्यंत ही गाडी बनत होती.

तार तुटते कशी?

मग घोडं अडतं कुठे? लहानपणी तार हातात घेऊन पुढे-मागे, पुढे-मागे वाकवली असेलच ना? एका झटक्यात ती तुटत नाही. विसाव्या वेळी अचानक तुटते. धातूही असाच थकतो. आधी डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर पडते, ती हळूहळू वाढते आणि एक दिवस काम तमाम.

जाडजूड भाग खड्डे, ओव्हरलोड, मेकॅनिकचा आळशीपणा, सगळं पोटात घालतो. वजनासाठी छाटलेला भाग फक्त ठरवलेला भार उचलतो, त्याला उदारपणा परवडत नाही. त्यात धातूंचेही स्वभाव वेगळे. एका मर्यादेच्या खालचा ताण स्टील सहसा वर्षानुवर्षं सोसतं. ॲल्युमिनियमला अशी खात्रीची मर्यादा नसते, छोट्या ताणांचाही हिशेब त्याच्या खात्यावर जमा होत राहतो.

हा हिशेब लोटसने पुन्हा पुन्हा चुकता केला. १९६० मध्ये बेल्जियममधल्या स्पा सर्किटवर सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटस १८ चं मागचं चाकच निखळलं. मॉसचे दोन्ही पाय मोडले. मोंजुइकला मोडलेले विंगही गाडीच्या बॉडीवर नव्हते. मागच्या चाकांना धरणाऱ्या सस्पेन्शनच्या भागावरच बारीक दांड्यांनी ते उभे केलेले होते. म्हणजे हवेचा सगळा दाब थेट चाकांवर. आयडिया भन्नाट, पण दांड्यांनी दम तोडला. असे उंच विंग त्याच महिन्यात मोनॅकोला बंद करण्यात आले.

मोंझा, १९७०

रिंटने टीम सोडली नाही. १९७० मध्ये लोटस ७२ ही नवी गाडी आली. चाकांवरचं वजन कमी करायला तिचे पुढचे ब्रेक चाकात न बसवता आत, बॉडीजवळ बसवले होते आणि ब्रेक व चाक यांना एक शाफ्ट जोडत होता. गाडी तुफान होती. त्या मोसमात रिंटने पाच शर्यती जिंकल्या.

५ सप्टेंबरला इटलीतल्या मोंझा सर्किटवर सरावात पॅराबोलिका वळणाआधी त्याने ब्रेक दाबला. पुढचा उजवा ब्रेक शाफ्ट तुटला. गाडी बॅरिअरखाली घुसली. रिंट वाचला नाही. वय अवघं २८. त्याचे गुण इतके झाले होते, की उरलेल्या शर्यतींत कुणालाच त्याला गाठता आलं नाही. मृत्यूनंतर फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरलेला तो आजवरचा एकमेव ड्रायव्हर.

आपण काय करतो? पोस्टरवर गाडी लावतो, पत्र विसरतो.

सोन्यासारखं उलटं उदाहरण

म्हणजे हलकी गाडी नकोच? तसं अजिबात नाही! चॅपमनच्याच १९६२ च्या लोटस एलानवरून प्रेरणा घेऊन माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ आणली. वजन साधारण साडेनऊशे किलो, चारही चाकांना डबल विशबोन, बॉडी मात्र स्टीलची. काटकसर केली, पण जिथे चाक धरलं जातं तिथे कंजुषी केली नाही. २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली. जुन्या गाड्यांना गंज छळतो हे खरं, पण तीस-तीस वर्षांच्या गाड्या आजही मजेत पळतात.

एलीसचीही एक गंमत बघा. मागच्या चाकाची दिशा सरळ ठेवणारी टो लिंक नावाची एक छोटी दांडी असते. रस्त्यावरच्या टायरवर ती ठीक चालते. पण ट्रॅकवर चिकट रेसिंग टायर लावले की पकड वाढते आणि तेवढाच ताण लिंकवर येतो. तिचा आतला सांधा एकाच बाजूने धरलेला असतो. ट्रॅकवर पिटाळलेल्या गाड्यांमध्ये तो तुटल्याच्या घटना घडल्यात. म्हणूनच सांध्याला दोन्ही बाजूंनी धरणारे किट बाजारात मिळतात. सौदा काय? थोडे पैसे आणि काही ग्रॅम वजन. रिंटने नेमकं हेच मागितलं होतं.

मग आपण काय करायचं?

'आपल्याकडे कुठे लोटस?' असं म्हणू नका. हॅचबॅकला मोठे अलॉय, पातळ टायर आणि खाली बसवणाऱ्या स्प्रिंग्ज लावून खंडाळ्याचा घाट गाठणारे आपल्यातच आहेत. कंपनीने ठरवलेला हिशेब आपण बदलला, की बुश, बॉल जॉइंट, लोअर आर्म सगळ्यांना नवा भार सोसावा लागतो. तेव्हा हे पाहाच :

* स्पीडब्रेकरवर 'टक-टक' आवाज येतो? गाणं मोठं करू नका, गॅरेज गाठा.
* टायर एकाच बाजूने झिजतोय किंवा सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहतंय? अलाइनमेंटच्या आधी जॉइंटचा प्ले तपासून घ्या.
* मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली? रॅम्पवर चढवा आणि मेकॅनिकला लोअर आर्म व टाय रॉड दाखवायला सांगा. स्वतःही खाली वाकून बघा.
* स्वस्तातला डुप्लिकेट बॉल जॉइंट? नकोच. वाचलेले पैसे कुठल्या वळणावर परत मागितले जातील, सांगता येत नाही.

आणि गाडी विकत घेताना ताकद, मायलेज आणि रंगाबरोबर एक प्रश्न नक्की विचारा : वजन कमी केलंय, ते कुठून?