अंबाडी : बांधावरील भाजी आणि तिचे बियाणे

पावसाळ्यात भाज्या महाग होतात, तेव्हा ज्या घराच्या परसात अंबाडीची चार झुडपे असतात त्या घरास बाजाराची फारशी चिंता नसते. आंबट पाला खुडावा, तांदळाच्या वा ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवावा आणि वर लसणाची फोडणी द्यावी. भाकरीबरोबर जेवण साजरे होते. कन्नड भाषिक हिला पुंडी म्हणतात, तर तेलुगू भाषिक गोंगुरा. कोकण-गोव्यातील अंबाड्याच्या वृक्षाशी मात्र नामसादृश्यापलीकडे हिचा काही संबंध नाही.

भेंडी व जास्वंद यांच्या कुळातील ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतील आहे. सुदानच्या कोर्दोफान भागात वाळूमय जमिनीत, केवळ पावसाच्या पाण्यावर, लहान शेतकरी तिची लागवड करतात. तिच्या तांबड्या बोंडांचे पेय तेथे ‘कर्कदे’ या नावाने प्रसिद्ध असून पश्चिमेकडील सेनेगलमध्ये त्यास ‘बिसाप’ म्हणतात. हलकी जमीन आणि बेताचे पाणी यांवर भागविण्याचा गुण तिने मायभूमीतूनच आणला आहे. म्हणूनच दख्खनच्या कोरडवाहू बांधांवर ती सहज रुळली.

अंबाडी या एकाच नावाखाली दोन वनस्पती ओळखल्या जातात. एकीचे खोड गुळगुळीत असते. तिच्या एका प्रकारात बोंडाभोवतीचे आवरण मांसल व तांबडे होते. दुसरीच्या खोडावर बारीक काटे असतात आणि ती मुख्यतः वाखासाठी लावली जाते. दोहोंचा कोवळा पाला भाजीस चालतो.

लागवडीस फार खटाटोप नको. पाण्याचा निचरा होणारी कोणतीही जमीन चालते. थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. मृगाच्या पावसानंतर, जून-जुलैत, बी एक ते दोन सेंटिमीटर खोल पेरावे. पाल्यासाठी ओळींत सुमारे 30 सेंटिमीटर अंतर पुरते. बोंडे हवी असल्यास झाडांमध्ये सुमारे एक मीटर अंतर ठेवावे. पेरणीस उशीर करू नये. दिवस लहान होऊ लागले की अंबाडी फुलावर येते. त्यामुळे उशिरा पेरलेले झाड अंगाने वाढण्यापूर्वीच फुलते व पाला कमी देते. साधारण महिना-दीड महिन्यानंतर शेंडा खुडावा. त्यामुळे बाजूच्या फांद्या फुटतात व पाला पुनःपुन्हा मिळतो. झाड समूळ उपटल्यास हा लाभ मिळत नाही.

अंबाडीस पाण्याच्या टंचाईपेक्षा साचलेल्या पाण्याचे भय अधिक. पाणी साचल्यास बुरशीमुळे बुंधा कुजतो व झाड कोलमडते. म्हणून चर काढावा आणि रोगट झाड उपटून नष्ट करावे. पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्यास तो विषाणूजन्य रोग असण्याचा संभव असतो. पांढरी माशी त्याचा प्रसार करते, यास्तव असे झाड त्वरित काढून टाकावे. भेंडी व अंबाडी यांच्या काही किडी समान असल्याने एकाच जागी ही पिके लागोपाठ घेऊ नयेत.

पाल्यात कॅल्शियम तसेच शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर पावणारे कॅरोटीन असते. आंबटपणा कमी करण्यासाठी पाला उकडून पाणी फेकण्याची रीत काही घरी आढळते. परंतु त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व व काही क्षारही वाया जातात. त्याऐवजी कण्या किंवा डाळ वाढविणे श्रेयस्कर. भाजी आंबट असल्यामुळे कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात शिजवू वा ठेवू नये. तांबडी आवरणे कोवळी असतानाच तोडून त्यांचे सरबत, चटणी वा मुरंबा करता येतो; वाळवून ठेवल्यास ती वर्षभर उपयोगी पडतात.

पूर्वी अंबाडीच्या वाखापासून दोर व कासरे वळले जात. त्या निमित्ताने ज्वारी-कापसाच्या शेतात तिची एखादी ओळ असे. नायलॉनचे दोर आल्यावर त्या ओळीची निकड उरली नाही. परंतु ओळ गेली की घरचे बियाणे जाते, आणि बियाणे गेले की फुकट मिळणारी भाजी विकत घ्यावी लागते.

हे टाळणे कठीण नाही. अंबाडीत परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होत असल्याने घरच्या बियाण्याचा वाण सहसा बिघडत नाही. दोन-तीन निरोगी झाडे आरंभीच राखून ठेवावीत व त्यांचा पाला खुडू नये. बोंडे तपकिरी झाली की उकलण्यापूर्वी काढून वाळवावीत आणि बी राख मिसळून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. शिक्षकांनी शाळेच्या बागेत एक वाफा लावून विद्यार्थ्यांकरवी बी राखल्यास पुढील मृगात ते मूठमूठभर घरोघरी पोहोचू शकेल. गावातील एका वृद्धेच्या गाडग्यात आज जे बी असेल, ते तिच्यापाशी मागून घेण्यास मात्र विलंब करू नये.