विश्लेषण : ओढ्याचे नाव ठरवायचे कोणी? स्कॉटलंडच्या नकाशांतील गेलिक नावांची गोष्ट

स्कॉटलंडमधील हायलँड्सचा नकाशा मोबाइलवर मोठा करून पाहिला, की ‘बेन’, ‘अल्त’, ‘कोरे’ हे शब्द जागोजागी दिसतात. ही साधी गेलिक वर्णने आहेत. बेन म्हणजे डोंगर, अल्त म्हणजे ओढा. कोरे म्हणजे मुळात कढई. डोंगराच्या कुशीतील खोलगट जागेलाही तेच नाव. पण ती नकाशावर आली कशी?

नोंदी कशा झाल्या?

एकोणिसाव्या शतकात ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे लोक गावोगाव फिरले. प्रत्येक नाव ‘नेम बुक’मध्ये उतरवले जाई : त्याची वेगवेगळी स्पेलिंगे, सांगणारा कोण, जागेचे वर्णन. पद्धत चोख होती. गोची होती ती ‘सांगणारा कोण’ या रकान्यात. जमीनदार, त्याचा कारभारी, पाद्री, शिक्षक यांच्या शब्दाला वजन. छोट्या कुळांवर, विशेषतः स्पेलिंगबाबत, विसंबू नये अशी संस्थेची भूमिका होती. वास्तविक ओढ्याचे नाव ठाऊक असणार ते तिथे रोज गुरे पाजणाऱ्याला. त्यातही मेंढ्यांच्या कुरणांसाठी अनेक खोऱ्यांतून कुळांना आधीच हुसकावले गेले होते. तिथे विचारायचे तरी कोणाला?

चूक कुठे होते?

गेलिकमध्ये ‘मोठा’ म्हणजे ‘मोर’. पण स्त्रीलिंगी ‘बेन’नंतर त्याचा उच्चार ‘व्होर’ होतो. इंग्रजी वळणाच्या ‘बेन मोर’मध्ये हा बदल पुसला जातो. कधी अर्थच पालटतो. ‘केर्नगॉर्म’ हे मूळचे एका निळ्या शिखराचे नाव. ते अख्ख्या पर्वतरांगेला चिकटले. त्या रांगेचे गेलिक नाव मात्र ‘तांबडे डोंगर’ असे आहे! याच रांगेतील ‘डेव्हिल्स पॉइंट’चे मूळ नाव सैतानाच्या जननेंद्रियावरून आहे. राणी व्हिक्टोरियाने अर्थ विचारला तेव्हा सोबतच्या नोकराने ते सभ्य करून सांगितले, अशी आख्यायिका आहे.

आता काय सुरू आहे?

‘गेलिक प्लेस-नेम्स ऑफ स्कॉटलंड’ ही संस्था जुनी कागदपत्रे आणि स्थानिकांचे उच्चार ताडून नावांची गेलिक रूपे सुचवते. उच्चार महत्त्वाचा, कारण कागदावरचे स्पेलिंग अनेकदा परक्याच्या कानाने लिहिलेले असते. अ‍ॅडम वॉटसन आणि एलिझाबेथ अ‍ॅलन यांनी डी नदीच्या वरच्या खोऱ्यात वृद्ध रहिवाशांकडून नावे टिपली. त्यांचा ग्रंथ १९८४ मध्ये आला. तोवर तिथली गेलिक बोली जवळजवळ संपली होती.

एवढा खटाटोप कशासाठी? नावात ‘आरी’ असेल तर तिथे उन्हाळ्यात गुरे चारायला नेऊन लोक झोपड्यांत राहत. ‘ग्यूस’ म्हणजे पाइन. आज उघड्या दिसणाऱ्या उतारावर हे नाव सापडले, की तिथे कधीकाळी झाडे असावीत असा माग लागतो. २०२२ च्या जनगणनेत गेलिक थोडीफार तरी येणारे सुमारे १ लाख ३० हजार लोक होते. त्यातही एखाद्या खोऱ्यातल्या ओढ्याचे नाव घरच्या तोंडून ऐकलेले म्हातारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रेकॉर्डर घेऊन आधी त्यांच्याकडेच जावे लागते.