राजीनामा, कलम आणि धारा

भिलाईच्या पोलाद कारखान्याने वसविलेल्या नगरात सेक्टर 10 हा एक विभाग आहे. तेथील उच्च माध्यमिक शाळा कारखान्याच्या ज्या खात्याकडे आहे, त्याचे हिंदी नाव 'शिक्षा विभाग'. नागपूरकडून नव्याने आलेल्या मराठी पाहुण्याला ते ऐकून हसू येते आणि विषय तेथेच संपतो. परंतु असाच प्रकार वर्तमानपत्रातील न्यायालयीन वार्तेत किंवा हाती पडलेल्या कागदात घडला, म्हणजे तो हसण्यावारी नेता येत नाही.

'राजीनामा' हा शब्द घ्यावा. हिंदी वृत्तपत्रात दोन्ही पक्षांत राजीनामा झाल्याचे छापून येते, तेव्हा कोणीही नोकरी सोडलेली नसते. झालेली असते ती तडजोड. राजीखुशीचा कागद हा मूळ फारसी अर्थ त्या भागातील न्यायव्यवहाराने जवळजवळ जसाच्या तसा राखला. मराठी मुलखात मात्र मुलकी दप्तरात शेतकरी जमीन सोडताना राजीनामा देई, आणि ती पत्करणारा कबुलायत लिहून देई. सोडून देण्याची ती छटा पुढे नोकरीला आणि मंत्रिपदाला चिकटली असावी. कायद्याने तडजोडीस योग्य ठरविलेल्या गुन्ह्यात असा राजीनामा नोंदला गेला, की त्याचा परिणाम आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच होतो. त्याच कारणावरून खटला पुन्हा उभा करता येत नाही. कारखान्याच्या वसाहतीत राहते घरही नोकरीबरोबर येते. तेथील मराठी फिर्यादीपुढे हा कागद आला, तर तो नसत्या भीतीने दचकेल; किंवा, आणि हे अधिक वाईट, नोकरीचा काही संबंध नाही एवढे कळताच निर्धास्त होऊन सही करील आणि आपली फिर्याद घालवून बसेल. 'तक्रार' हा शब्दही त्याच्या मदतीला येत नाही, कारण हिंदीत 'तकरार' म्हणजे नुसते भांडण!

कायद्याच्या ग्रंथालयात या शब्दांचा जाच निराळा असतो. हिंदीतील 'संशोधन अधिनियम' म्हणजे दुरुस्तीचा कायदा. मराठी डोळ्यांनी सूची करणाऱ्याच्या हातून तो संशोधनपर ग्रंथांत जाऊन बसण्याचा संभव आहे. हिंदी 'धारा' म्हणजे मराठी 'कलम'. पण 'कलम' हिंदीत लेखणी होते, आणि 'धारा' जुन्या मराठी दप्तरात जमिनीचा सारा. दोन्ही लिपी देवनागरी, म्हणून घोटाळा अधिक. परकी लिपी असती तर वाचक सावध तरी राहिला असता.

या भागात दोन्ही भाषांचे कागद एकत्र यावेत, यास इतिहासही कारण आहे. दुर्ग जिल्हा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, आणि तेथील अपिले 1936 साली स्थापन झालेल्या नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिले. गंमत अशी, की कायद्याच्या दृष्टीने नागपूरचे उच्च न्यायालयच मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय मानले गेले आणि त्याचे ठाणे जबलपूरला झाले. 2000 साली छत्तीसगड राज्य होऊन बिलासपूरला उच्च न्यायालय आले. म्हणून नागपूरच्या जुन्या निकालांचे खंड आज मराठी मुलखाबाहेर असलेल्या दुर्गच्या वकिलालाही लागतात, आणि ग्रंथपालाला ते अडगळीत टाकता येत नाहीत.

त्यात 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या दिवसापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू असल्याने दोन्ही ग्रंथ टेबलावर हवेत. फसवणुकीचे सुप्रसिद्ध 420 आता 318 मध्ये गेले. जनतेच्या तोंडचा 'चारसोबीस' मात्र हलेल असे दिसत नाही. खुनाची शिक्षा जुन्या संहितेत 302 व्या कलमात होती, ती नव्या संहितेत 103 व्या कलमात आहे. नव्या संहितेतही 302 वे कलम आहेच, पण ते धार्मिक भावना दुखविण्याच्या हेतूने काढलेल्या शब्दांविषयी आहे. तेव्हा बातमीच्या कात्रणावर केवळ 'धारा 302' एवढेच असेल, तर सूचीपत्रावर आकडा लिहिण्याआधी ग्रंथपालाने गुन्ह्याची तारीख पाहावी आणि संहितेचे नाव पुरते लिहावे. हिंदी कात्रणाच्या पत्रावर शेजारी 'कलम' हा शब्दही घालावा.