पेडण्यातल्या म्हातारपणाचे निदान

गोव्यातल्या पेडणे महालात पूर्वी म्हातारपण हाच आजार होता. आजोबा असंबद्ध बोलू लागले, आजीचा तोल जाऊ लागला, की घरचे म्हणत, पिराय झाली, म्हणजे वय झाले. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली होती खरी. पण पेडण्यातल्या तुये गावाहून इलाजासाठी म्हापसा गाठायलाही चोपड्याला शिवोलीची फेरी धरावी लागे. तेवढी यातायात म्हाताऱ्या माणसासाठी कोण करणार?

पुढे तुयेतच सामाजिक आरोग्य केंद्र झाले. रक्तदाब, साखर गावात मोजता येऊ लागली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला निघाला, २६.४ टक्के. हा पहिला नंबर कुणालाच नको होता.

मोजता येत नाही ते मात्र मागे राहिले. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ साली गोव्यातल्या अभ्यासातून दाखवले, की स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना ओळखता येतात, पण तो आजार वाटत नाही. आणि वृद्धांच्या खिन्नतेचे खापर मुला-सुनांवर फुटते. (कधी ते खरेही असते.) २०१९ साली अमित डायस आणि सहकाऱ्यांचा गोव्यातलाच प्रयोग प्रसिद्ध झाला. साठीपुढचे १८१ जण होते. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांची मदत ज्यांना मिळाली, त्यांच्यात वर्षभरात ४.४ टक्क्यांना नैराश्य आले, इतरांत १४.४ टक्क्यांना.

खरी पंचाईत अशी, की म्हातारपणी आजार पुस्तकाप्रमाणे वागत नाहीत. न्यूमोनिया तापाशिवाय येतो, लघवीचा जंतुसंसर्ग भ्रम होऊन प्रकटतो. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या गोळीने सोडियम उतरते आणि माणूस बरळतो; घरच्यांना वाटते, डोके फिरले. म्हणून औषधांची सगळी पिशवी टेबलावर रिकामी करायला लावणारा डॉक्टर मला मोठा वाटतो. २०१८ पासून गोव्यात लहान केंद्रातला ईसीजी गोवा मेडिकल कॉलेजातल्या (गोमेकॉतल्या) हृदयरोगतज्ज्ञांना पाठवण्याची सोय झाली, अनेक जीव वाचले. पण हृदयविकाराच्या झटक्यात मधुमेही म्हाताऱ्याच्या छातीत अनेकदा दुखतच नाही, नुसता दम लागतो, घाम फुटतो. त्याचा ईसीजी काढायचे सुचले, तर पुढचे सगळे.

तुयेच्या नव्या इस्पितळावर तालुक्यात वर्षानुवर्षे वाद झडले, ते गोमेकॉशी जोडा म्हणून आंदोलने झाली. मागणी रास्तच होती. पण त्या गदारोळात खाटा आणि यंत्रे खूप ऐकली. साठीपुढच्यांना निवांत तपासणारी वेगळी ओपीडी कुणी मागितल्याचे माझ्या कानावर नाही.