Explained : तळ्यापेक्षा नारळाची करवंटी जास्त धोकादायक? डासांच्या पाण्यात नेमकं काय घडतं?

पाऊस सुरू झाला की सोसायटीच्या ग्रुपवर दोन मागण्या हमखास येतात. 'फवारणी करा' आणि 'तळ्यात गप्पी मासे सोडा'. पण साचलेलं प्रत्येक पाणी सारखं नसतं. त्यात कोणती झाडं आणि कोणते जीव आहेत, यावर तिथून किती डास उडणार हे ठरतं. कसं, ते समजून घेऊया.

अळीचे शत्रू कोण?

अंड्यातून बाहेर पडल्यापासून डास होऊन उडेपर्यंत उष्ण हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात. या काळात अळी पाण्यातच असते. जुन्या, जिवंत तळ्यात तिला खाणारे अनेक असतात. छोटे मासे, चतुराची पाण्यातली पिल्लं, पाठीवर उलटे पोहणारे पाणकिडे. काही जातींच्या डासांच्या माद्या तर अशा शिकारी किड्यांचा पाण्यातला वास ओळखून तिथे अंडी घालणंच टाळतात.

करवंटी, टायर किंवा कुंडीखालच्या ताटलीत मात्र यातलं कुणीच नसतं. चतुराच्या पिल्लाला वाढायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. डास त्याआधीच उडून जातो. डेंग्यू पसरवणारा एडिस नेमकी अशीच जागा निवडतो.

मग जलपर्णीमुळे डास का वाढतात?

पुण्यात मुळा-मुठेवर जलपर्णी पसरली की काठावरचे रहिवासी डासांनी हैराण होतात. जलपर्णीमुळे पाण्याचा प्रवाह मंदावतो, लाटा थांबतात आणि कुजणाऱ्या पानांतून अळ्यांना खाद्य मिळतं. दाट थराखाली पाण्यातला ऑक्सिजन घटतो. त्यामुळे मासे तग धरत नाहीत. अळीचं मात्र बिघडत नाही, कारण ती पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेते. म्हणजे शत्रू जातो आणि अळी राहते.

मॅन्सोनिया जातीचा डास त्याहून पुढचा. त्याची अळी श्वासनळी थेट पाणवनस्पतीच्या मुळात खुपसते आणि तिथूनच हवा घेते. तिला वर यावंच लागत नाही. केरळच्या चेर्थला भागात हत्तीरोग पसरवणाऱ्या या डासाला आवरण्यासाठी तळ्यांतल्या वनस्पती काढण्यावर भर द्यावा लागला होता.

सगळ्याच वनस्पती वाईट का?

नाही. शेतकरी चाऱ्यासाठी वाढवतात त्या अझोलाने पृष्ठभाग पूर्ण झाकला, तर मादीला अंडी घालायला आणि अळीला वर यायला अडचण होते. पण मध्ये मोकळी जागा राहिली की हा फायदा कमी होतो.

गप्पी मासे कुठेही सोडावेत का?

इथेच चूक होते. गप्पी आणि गांबुसिया हे दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. गांबुसिया भारतात १९२८ मध्ये आणला गेला. आज तो जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहे. हे मासे फक्त अळ्या खात नाहीत, बेडकांची अंडी-पिल्लं आणि स्थानिक माशांची पिल्लंही खातात. वापरात नसलेला हौद, कारंजं, बांधकामावरची टाकी अशा बंदिस्त जागी ते उपयोगी आहेत. नदी, ओढा किंवा तलावात सोडू नयेत. गोव्यात मलेरियाच्या डासांविरुद्ध तिथल्याच एका छोट्या स्थानिक माशाचा प्रयोग झाला आहे. म्हणजे देशी पर्यायही आहेत.

तळ्यात औषध फवारलं तर?

सरसकट कीटकनाशकाने अळ्यांसोबत पाणकिडे आणि चतुराची पिल्लंही मरतात. नंतर डास काही दिवसांत परततात. त्यांच्या शत्रूंना मात्र पुन्हा वाढायला वेळ लागतो.

तुम्ही काय कराल?

- आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी करा. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही.
- रिकामा करता न येणारा हौद झाका किंवा त्यात गप्पी मासे सोडा.
- नदी-तलावातली जलपर्णी काढण्यासाठी पाठपुरावा करा, पण बेडूक आणि चतुर असलेलं तळं बुजवण्याची मागणी करू नका. तिथे डासांवर पहारा आधीच बसलेला आहे.