चाकांवरची खोली आणि तिचा तापनियंत्रक

मे महिन्यात कोलकात्याहून मुंबईकडे येणारी गीतांजली एक्स्प्रेस हावडा स्थानक सोडते, तेव्हा बाहेरची हवा हुगळीच्या काठची, घामाने चिंब करणारी असते. दुसऱ्या दिवशी नागपूर मागे पडते आणि वर्धा, अकोला, भुसावळ या पट्ट्यात तीच हवा कोरडी व भट्टीसारखी तप्त होते. डिसेंबरात याच मार्गावर विदर्भातील पहाट अंगावर शाल ओढायला लावते. वातानुकूलित डब्यातील प्रवाशाला मात्र सुमारे दोन हजार किलोमीटरच्या या प्रवासात हवामानातील बदल फारसा जाणवू नये, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा पूर्ण करण्याची जबाबदारी एका लहानशा घटकावर असते. तो घटक म्हणजे थर्मोस्टॅट, अर्थात तापनियंत्रक.

तापनियंत्रक स्वतः थंडावा निर्माण करीत नाही. तो केवळ हवेचे तापमान पाहतो आणि यंत्राला ‘चालू हो’ किंवा ‘थांब’ अशी आज्ञा देतो. तथापि ही आज्ञा किती अचूक आहे, यावर प्रवाशांचे सुख आणि विजेचा खर्च दोन्ही अवलंबून असतात. रेल्वेच्या डब्यात हा घटक कसा बदलत गेला हे समजून घेतले, तर घरासाठी ‘स्मार्ट’ उपकरण घेताना कोणते प्रश्न विचारावेत, हेही आपोआप उमगते.

बर्फाच्या लाद्यांपासून राजधानीपर्यंत

भारतात रेल्वेच्या डब्यात गारवा आणण्याचा आरंभीचा प्रयोग १९३४ साली मुंबईहून सुटणाऱ्या फ्रंटियर मेलमध्ये झाला. डब्याखालील कप्प्यांत बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरून आलेली हवा आत सोडली जाई. बर्फ वितळला की वाटेतील स्थानकांवर तो पुन्हा भरावा लागे. पुढे १९५६ साली हावडा व दिल्ली यांच्या दरम्यान संपूर्ण वातानुकूलित गाडी सुरू झाली आणि १९६९ साली याच दोन महानगरांना जोडणारी पहिली राजधानी एक्स्प्रेस धावू लागली. यंत्राने हवा थंड करता येऊ लागली, तसा ‘किती थंड करायची आणि कुठे थांबायचे’ हा नवा प्रश्न उभा राहिला.

पाऱ्याची नळी

या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ पाऱ्याने दिले. काचेच्या बारीक नळीत पारा आणि त्यात ठरावीक उंचीवर बसविलेली धातूची तार, अशी ही रचना असे. हवा तापली की पारा चढतो, तारेला टेकतो, विजेचे मंडल पूर्ण होते आणि रिले शीतकरण यंत्रणा सुरू करतो. हवा निवली की पारा उतरतो व मंडल तुटते. शीतकरणासाठी सामान्यतः २३ व २५ अंश सेल्सिअसच्या आणि उष्णतेसाठी त्याहून खालच्या अंशांच्या नळ्या वापरल्या जात.

ही रचना साधी व विश्वासू होती. परंतु तिच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. प्रत्येक नळीचा अंश कायमचा ठरलेला असे. तापमान बदलायचे, तर दुसरी नळी मंडलात आणावी लागे. धावत्या गाडीच्या हादऱ्यांनी काच तडकण्याचा धोका असे. शिवाय पारा हा विषारी धातू आहे. त्याचा वापर जगभर घटावा, यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला आणि भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली.

मोजणारे आणि विचार करणारे

आधुनिक डब्यांत पाऱ्याच्या नळीची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदक व सूक्ष्मप्रक्रियक यांनी घेतली आहे. नवा नियंत्रक तापमान सतत मोजतो, गरजेनुसार एक वा दोन्ही यंत्रे चालवितो, थांबलेला कॉम्प्रेसर लगेच पुन्हा सुरू होऊ नये म्हणून काही मिनिटांचा विराम पाळतो आणि बिघाड झाल्यास त्याची नोंद ठेवतो.

त्याच्यापुढील काम किती मोठे आहे, हे एका साध्या हिशेबावरून कळते. एलएचबी पद्धतीच्या तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात साधारणतः ७२ प्रवासी असतात. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे केवळ प्रवाशांच्या शरीरातून ७ किलोवॅटहून अधिक, अर्थात सुमारे दोन टन शीतकरण खर्ची पाडणारी उष्णता निघते. त्यात पत्र्यावरचे ऊन आणि बाहेरून घेतलेली ताजी हवा यांची भर पडते. म्हणूनच अशा डब्याच्या छतावर सुमारे सात टनांची दोन यंत्रे बसविलेली असतात. घरातील दीड टनाची नऊ यंत्रे एकत्र आणली, तर जवळपास तेवढी क्षमता होईल.

तरीही एकाच डब्यात एक प्रवासी कुडकुडतो आणि दुसरा घामाघूम होतो, याचे कारण काय? नियंत्रकाचा मुख्य संवेदक डब्यातून यंत्राकडे परतणाऱ्या हवेचे तापमान पाहतो. त्यामुळे त्याला समजते ते सरासरी तापमान. झरोक्याखालच्या वरच्या बर्थवरील गारठा आणि सतत उघडणाऱ्या दाराजवळील उकाडा त्याला वेगवेगळा दिसत नाही. नियंत्रक कितीही हुशार असला, तरी तो जेथे बसविला आहे तेथलेच पाहू शकतो. सहप्रवाशाशी किंवा डब्यातील कर्मचाऱ्याशी वाद घालण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घेतलेली बरी.

चाकांवरचे घर

परदेशात अनेक कुटुंबे मोटारीमागे जोडलेल्या फिरत्या घरातून प्रवास करतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा वाहनातील जुना नियंत्रक काढून स्मार्ट नियंत्रक बसविण्याची इच्छा स्वाभाविक आहे. पण तेथे एक अडचण येते. फिरत्या घरातील नियंत्रक बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर, एकदिश प्रवाहावर चालतो. अमेरिकेतील घरांसाठी बनविलेल्या स्मार्ट नियंत्रकाला मात्र २४ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. शिवाय इंटरनेट नसलेल्या मार्गावर दूरनियंत्रणाची सोय निरुपयोगी ठरते. म्हणजे उपकरण उत्तम असूनही जोड चुकला, तर पैसे वाया जातात.

घरी काय करावे?

आपल्याकडील स्प्लिट यंत्रात तापनियंत्रक आतच असतो. त्यामुळे भिंतीवर बसवायचा परदेशी स्मार्ट नियंत्रक त्याला थेट जोडता येईलच असे नाही. जुन्या यंत्रासाठी रिमोटचे संकेत पाठविणारे छोटे स्मार्ट साधन पुरेसे ठरू शकते. खरेदीपूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत: हे साधन आपल्या यंत्राच्या नमुन्याशी जुळते काय? वीज जाऊन पुन्हा आल्यावर ते आधीची नोंद पाळते काय? इंटरनेट बंद असताना ते हाताने चालविता येते काय?

नवे साधन न घेताही बचत शक्य आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. तारांकित यंत्रे २४ अंशांवर सुरू व्हावीत, हा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. घाईने १८ अंशांवर लावल्यास खोली लवकर थंड होते, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. साध्या यंत्राचा वेग बदलत नाही; ते फक्त अधिक काळ चालत राहते.

कोलकाता, मुंबई यांसारख्या दमट शहरांत आणखी एक दक्षता हवी. तेथील उकाडा तापमानाइतकाच हवेतील ओलाव्यामुळे होतो. खोलीच्या मानाने फार मोठे यंत्र घेतले, तर तापमान झटकन उतरते, नियंत्रक यंत्र थांबवितो आणि ओलावा पुरेसा निघत नाही. खोली गार, पण चिकचिकीत राहते. अशा वेळी अंश आणखी खाली आणण्याऐवजी आर्द्रता घटविणारी ‘ड्राय’ पद्धत वापरावी आणि सोबत पंखा चालवावा.

बर्फाच्या लादीपासून सूक्ष्मप्रक्रियकापर्यंतच्या प्रवासाने एक गोष्ट शिकविली आहे. नियंत्रकाची हुशारी अधिक थंडी देण्यात नाही, तर पुरेसा थंडावा मिळताच थांबण्यात आहे. हे ओळखून खर्च करणाऱ्या ग्राहकालाच नव्या साधनाचा खरा लाभ मिळतो.